ह्या वर्षीची कँडी

आज स्नो डे, शाळा बंद, लेक घरीच, म्हटलं चला ख्रिसमसची कँडी आजच करून टाकू. इथे ओहायोत शेजारच्या आजींनी शिकवली मला, आम्ही नवीन होतो तेव्हा त्यांनी डबा भरून आणून दिला होता आणि रिकामा डबा परत द्यायचा नाही हे आईचं शिकवलेलं म्हणून मी त्यात चिवडा भरून दिला, तेव्हापासून देवाणघेवाण चालूच आहे ❤️

करायला एकदम सोप्पी. स्लो कुकरच्या (मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं) तळाला भाजलेले शेंगदाणे, अर्धे खारे अर्धे बिनमिठाचे, वर चॉकलेट चिप्स आणि आल्मंड बार्कचे तुकडे (नावात बदाम आहे पण त्यात बदाम नसतो, पांढरं व्हॅनिलाचं कोटिंग असतं ते), लो वर दीड-दोन तास, मधेमधे हलवायचं. चिक्कीसारखी पाकाची धाकधूक नाही. फक्त पाणी सांभाळा!! झाकणावरची वाफ थेंब होऊन आत पडली की चॉकलेट रवाळ होऊन आळतं, म्हणून मी झाकणाखाली सुती पंचा ताणून लावते.

मग लेकीने चमच्याने एकेक गोळा बटर पेपरवर टाकला, जीभ दातात धरून, इतकं मन लावून. तासाभरात वरची ओली चमक गेली आणि सगळे सेट.

आजी आता वॉकर घेऊन चालतात, ह्या वर्षी त्यांच्याने झालं नाही. पहिला डबा त्यांनाच नेला. एक तोंडात टाकून डोळे मिटून बसल्या, मग म्हणाल्या मीठ थोडं जास्त हवं. पुढच्या घाण्यात सगळे दाणे खारेच घालतेय.