मालवणहून आणलेली बोट: मीटरचं काम, तिसरा रविवार

फोंडाघाट चढून राधानगरीमार्गे बोट कोल्हापुरात आली, त्याला तीन आठवडे झाले. सोळा फुटी फायबर, मागं ४० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेर टांगलेलं इंजिन. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं. डॅशवरच्या काट्यांचा मात्र कशाला मेळ नाही. टाकी अर्धी आहे आणि पेट्रोलचा काटा तळाला. बॅटरीवर १२.६ आणि व्होल्टमीटरवर १०.८. बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा) लावला की सगळे काटे एकदम खाली बसतात.

नवा मीटर सेट मागवायचं जवळजवळ ठरलं होतं. त्याआधी उद्यमनगरात गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या काकांना व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले, "बाळ, आधी निगेटिव्ह बघ. चार मीटर एका दिवशी मरत न्हाईत."

तेच निघालं. चावी ऑन, मल्टिमीटरची एक पिन मीटरच्या मागच्या निगेटिव्ह स्क्रूवर, दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर: १.८ व्होल्ट. इथं जवळपास शून्य यायला हवं. १२.६ मधनं १.८ गेले की १०.८ उरतात, म्हणजे व्होल्टमीटर त्याच्यापर्यंत पोचत होतं तेवढंच दाखवत होता.

बॅटरी सोडवून डॅशखालची निगेटिव्ह पट्टी उघडली. सगळ्या काळ्या वायरी तिथं एका बोल्टवर. पितळी भांड्यात ताक कळकावं तसा हिरवा थर, नखानं खरवडला की पीठ पडत होतं. वायर चार बोटं मागं सोलली तरी आत काळीच. वीतभर कापल्यावर चकचकीत तांबं लागलं. खारं पाणी इन्सुलेशनच्या आत एवढं चढतं, म्हणून नुसतं टोक घासून भागत नाही. आता कल्हई केलेल्या तांब्याची वायर टाकली, नवे लग (बोल्टखाली बसणारी वायरीच्या टोकाची कडी) दाबले, वर गोंदवाली हीटश्रिंक नळी, गरम केली की आवळून बसणारी. परत मोजलं: ०.०५.

पंप लावला, काटे हलले नाहीत. दहा मिनिटं मी चालू-बंदच करत बसलो होतो.

पेट्रोलचा काटा तरी तळालाच. या डॅशचं वायरिंग अमेरिकन पद्धतीचं आहे: जांभळी चावीनंतरची, गुलाबी पेट्रोल सेंडरची (टाकीतली पातळी मीटरला कळवणारा भाग), करडी आरपीएमची (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या). यात सेंडर रिकाम्या टाकीला सुमारे २४० ओहम देतो आणि भरलेल्या टाकीला ३३. मीटरच्या मागचा सेंडरचा स्क्रू क्षणभर निगेटिव्हला टेकवला, काटा सरळ फुल्लवर गेला. मीटर चांगला. (ही चाचणी टाकीपाशी करू नका, तिथं ठिणगी नको.) चावी बंद करून सेंडर मोजला तर १०५, म्हणजे तोही बरोबर. दोष सेंडरच्या स्वतःच्या काळ्या वायरीत होता, लगच्या आत तुटलेली. वायर बदलली आणि काटा अर्ध्यावर येऊन थांबला. टाकीत काठी घालून बघितलं, जुळलं.

आरपीएम मीटर आयडलला, म्हणजे थ्रॉटल न देता, १२०० दाखवायचा. इंजिनच्या पाण्याच्या जाळीवर मफ (नळाची पाइप जोडायच्या रबरी वाट्या) लावून नळ सोडला, कारण पाण्याशिवाय चालवलं तर इम्पेलर, म्हणजे थंड पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चाक, बघता बघता जातो. फ्लायव्हीलवर चमकती पट्टी चिकटवून लेझर टॅकोनं (फेऱ्या मोजायचं हातातलं यंत्र) मोजलं: ८००. बरोबर दीडपट फरक. फ्लायव्हीलचं अल्टरनेटर १२ पोलचं, म्हणजे फेरीला ६ पल्स, मीटर हेच मोजतो, आणि मीटरमागचा स्विच ४ वर होता. चावी बंद करून तो पाच-सहा वेळा मागंपुढं फिरवला, म्हणजे आतला गंज निघतो, आणि ६ वर ठेवला. फुल थ्रॉटलचा खोटा आकडा धरून मी जादा पिचचा (एका फेरीत बोट जास्त पुढं ढकलणारा) पंखा घेतला असता आणि चांगलं इंजिन ओढून ओढून दमलं असतं.

पुढच्या रविवारी टाकी रिकामी करून पाच-पाच लिटर ओतणार आणि काटा कुठं येतो ते टेपवर लिहून डॅशला चिकटवणार. ट्रिमचा (इंजिनचा कोन दाखवणारा) काटा अजून बंदच आहे. त्याचा सेंडर इंजिन बोटीला धरणाऱ्या ब्रॅकेटच्या आत आहे आणि स्क्रू मिठानं धरलेत. इंजिन न उतरवता कुणी तो काढला असेल तर कसा काढला, जरूर सांगा.