बढती, बदली आणि घराचा चार्ज

सरकारी बँकेत लिपिक म्हणून लागलेल्या बाईपुढे एक प्रश्न दर काही वर्षांनी येऊन उभा राहतो, तो म्हणजे बढतीच्या परीक्षेला बसायचे की नाही. बाहेरच्या माणसाला यात प्रश्न काय आहे तेच कळत नाही, कारण बढती म्हणजे पगारवाढ आणि पगारवाढ कोणाला नको असते. पण लिपिक आणि अधिकारी यांच्यात फरक केवळ पगाराचा नाही. लिपिकाची बदली सहसा त्याच शहरात किंवा जवळपास होते, कामाचे तास ठरलेले असतात आणि जास्त थांबावे लागले तर ओव्हरटाइम मिळतो. अधिकारी झाले की ओव्हरटाइम संपतो, घरी किती वाजता निघता येईल ते कोणी सांगू शकत नाही, आणि पहिली नेमणूक कोणत्या जिल्ह्यात, प्रसंगी कोणत्या राज्यात निघेल याचा नेम नसतो. म्हणूनच जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या बँकिंगच्या दोन्ही व्यावसायिक परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, पहिलीची एक आणि दुसरीच्या दोन वेतनवाढी घेतलेल्या, कर्जाच्या फायलीतली उणीव एका नजरेत काढणाऱ्या कितीतरी बायका वर्षानुवर्षे कॅश काउंटरवरच दिसतात. त्यांना पुढे जायचेच नसते, असे वरिष्ठ मंडळी धरून चालतात. मी त्यांच्यातलीच एक होते म्हणून सांगते, पुढे जायचे असते. डोंबिवली सोडून जायचे नसते, इतकेच.

मी २००९ साली नोकरीला लागले. मुलगी अगदी लहान असताना बढतीच्या यादीत माझे नाव आले आणि नेमणूक विदर्भात निघाली. त्या वेळी घरात झालेली चर्चा मला अजून आठवते, कारण ती फार सभ्य होती. कोणी आवाज चढवला नाही, कोणी अडवले नाही. ‘तुला पटेल ते कर’ असे नवरा मनापासून म्हणाला, सासूबाईंनीही ‘मी आहे ना’ म्हणून धीर दिला. तरीही हिशोब मांडायला बसल्यावर नवऱ्याची रबाळ्याची नोकरी, फ्लॅटचा हप्ता, सासऱ्यांचे आजारपण आणि मुलीचे पाळणाघर या साऱ्या गोष्टी आपापल्या जागी पक्क्या होत्या आणि हलवता येण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे माझी बढती. नकाराच्या अर्जाला फार मजकूर लागत नाही. ‘कौटुंबिक अडचणींमुळे’ एवढे कारण पुरते आणि ते वाचून कोणी पुढे काही विचारत नाही. धाकट्याच्या जन्मानंतर तोच अर्ज मी पुन्हा एकदा लिहिला. माझ्याबरोबर लागलेला एक सहकारी आज स्केल थ्रीमध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या तिसऱ्या श्रेणीत आहे. त्याच्याही घरी दोन मुले आहेत, आणि त्याची पत्नीही नोकरी करत असे. आता करत नाही.

याला त्याग वगैरे म्हटलेले मला आवडत नाही. त्या काळात मी काउंटरवर बसून संध्याकाळची ठरलेली लोकल गाठत होते, मुलांचा अभ्यास घेत होते आणि बऱ्यापैकी मजेत होते. शिवाय बँकेची नोकरी ही या बाबतीत नशिबाचीच. आमच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यातल्या करारात, प्रसूतीची रजा प्रत्येक वेळी ६ महिने, संपूर्ण नोकरीत मिळून १२ महिने, अशी आधीपासून होती. खासगी कंपन्यांत काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना १९६१ च्या कायद्याप्रमाणे १२ आठवडेच मिळत आणि ते २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ झाले. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंना मात्र यातले काहीच लागू नाही. त्यांचे बाळंतपण झाले तेव्हा त्यांच्या जागी त्यांची जाऊ येत होती, आणि महिन्याभराने त्या स्वतः हजर झाल्या. ‘एवढ्यात कशाला आलात?’ असे विचारल्यावर ‘कामं जातात ना वहिनी’ असे त्या म्हणाल्या. माझी सकाळची गाडी ज्यांच्या हातांवर इतकी वर्षे वेळेवर सुटत आली, त्यांच्या रजेचा विचार कोणत्याच सेटलमेंटमध्ये झालेला नाही.

मुलीची दहावी झाली आणि मी परीक्षेला बसले. या वेळी नेमणूक निघाली ती नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातली. विवाहित महिलांना पतीच्या गावाच्या शक्य तितक्या जवळ ठेवावे, अशा सूचना सरकारने सार्वजनिक बँकांना २०१४ मध्येच दिलेल्या आहेत, पण शेवटी रिकामी जागा कुठे आहे यावरच सारे ठरते. नाशिक म्हणजे लॉटरीच लागली, असे सगळे म्हणाले, आणि ते खरेही होते.

बँकेत एका जागेवरून दुसरीकडे जाताना नुसते निघून जाता येत नाही, चार्ज द्यावा लागतो. तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असतात, त्यातली आपली किल्ली नोंद करून पुढच्याच्या हातात द्यायची. सोनेतारणाची पाकिटे रजिस्टरशी ताडून मोजून द्यायची. कर्जाची कागदपत्रे, अर्धवट राहिलेली प्रकरणे, उत्तर न गेलेली पत्रे यांची यादी करायची आणि देणाऱ्याने व घेणाऱ्याने दोघांनी सह्या करायच्या. सही झाल्यानंतर ती जबाबदारी पुढच्याची. निघण्याच्या आदल्या आठवड्यात माझ्या मनात आले की घर चालवण्याचा चार्ज मी आजवर कोणाला दिलेलाच नाही.

माझा नवरा कामाला मागे हटणारा नाही, हे आधीच सांगायला हवे. भाजी तो आणतो, कुकर लावतो, मुलाला क्लासला सोडतो. पण कोणती भाजी आणायची, क्लासची फी कधी भरायची, हे त्याला मी सांगत असे आणि सांगायचे लक्षात ठेवण्याचे काम कोणाच्याही हिशेबात नव्हते. म्हणून मी एक दोनशे पानी वही घेतली आणि लिहायला बसले. सासूबाईंची थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी, त्यानंतर अर्धा तास चहासुद्धा नाही, रक्तदाबाची नाश्त्यानंतर. धाकट्याला पांढरे बूट कोणत्या वारी लागतात. दूधवाल्याचे खाडे कॅलेंडरवर कुठे मांडलेले असतात. पोळ्यांच्या ताईंचा पगार ७ तारखेच्या आत, कारण १० तारखेला त्यांची भिशी असते. गणपतीच्या आधी पितळी भांडी कोणत्या माळ्यावरून काढायची, आणि आत्याबाईंना आमंत्रणाचा फोन स्वतः करायचा, मेसेज चालत नाही. वही भरत गेली तसे नवऱ्याचे तोंड उतरत गेले. शेवटी तो म्हणाला, ‘हे सगळं तू डोक्यात ठेवतेस?’ मी म्हटले, ‘आता तू ठेव,’ आणि गंमत म्हणून नव्हे, तर खरोखरच शेवटच्या पानावर दोघांनी सह्या केल्या.

पहिले काही आठवडे फोन येतच होते. धाकट्याला रात्री आठवले की उद्या निळा चार्टपेपर न्यायचा आहे, तेव्हा त्याने शेजारच्या खोलीत बसलेल्या बाबाला न विचारता मला निफाडला फोन केला. मी त्याला बाबाकडे पाठवले. बाबा पावसात दुकाने उघडी आहेत का ते बघत फिरला आणि हिरवा कागद घेऊन आला. शाळेने तोही चालवून घेतला. अशा वेळी कपाटाच्या वरच्या कप्प्यात जुना निळा कागद गुंडाळून ठेवलेला आहे, हे सांगण्याचा मोह मला फार कष्टाने आवरावा लागतो. सासूबाईंनी मात्र मला चकित केले. सोसायटीतल्या कोणी तरी ‘सून बाहेरगावी राहते म्हणे’ असे खोचून विचारले, तर त्या म्हणाल्या, ‘हो, बदली झाली तिची. तुमच्या ह्यांची रेल्वेत कधी झालीच नव्हती का?’

निफाडचे काम मला आवडते आहे, आणि ते फक्त खुर्ची मोठी झाली म्हणून नव्हे. इकडे द्राक्षे आणि कांदा. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांच्या हिशेबाने शेतकऱ्याला पैसा लागतो. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा भाव पडला की दुसऱ्या दिवशी आमच्या शाखेतले चेहरे सांगतात. पीककर्ज ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी असते. वेळेत फेडले तर केंद्राची ३ टक्क्यांची सवलत आणि वर राज्याच्या पंजाबराव देशमुख योजनेची सवलत मिळून व्याज जवळपास शून्यावर येते, त्यामुळे मार्चअखेरीस बाहेरच्या ओट्यापर्यंत रांग जाते. त्या रांगेत नवऱ्याचा सातबारा घेऊन उभ्या असलेल्या बायका बऱ्याच असतात. फवारणीला कोणते औषध किती लागले हे त्यांना तोंडपाठ असते, पण सातबाऱ्यावर त्यांचे नाव नसते. लक्ष्मीमुक्तीचा शासन निर्णय १९९२ चा. त्यानुसार पतीच्या अर्जावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लागू शकते. मी कर्जाच्या अर्जाबरोबर हे आवर्जून सांगते. काही पुरुष मान डोलावतात आणि विषय बदलतात. एक बाई मात्र महिन्याभराने नवा उतारा घेऊन आली आणि काही न बोलता माझ्या टेबलावर तिच्या नावावर बोट ठेवून उभी राहिली.

पैशाचे म्हणाल तर हिशोब फारसा सुखावणारा नाही. बँक घरभाड्याची सोय करते, पण दोन ठिकाणचा गॅस, दोन ठिकाणचा किराणा आणि प्रवास धरला तर वाढलेल्या पगारातले थोडेच उरते. दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा असल्याने त्या आठवड्यांत शुक्रवारी रात्री निघता येते. एरवी शनिवारी काम आटोपून नाशिक रोडला मिळेल ती गाडी पकडायची आणि रविवारी संध्याकाळी कल्याणला पंचवटी एक्स्प्रेस गाठायची. गाडीत माझ्यासारख्या आणखी काही जणी भेटतात: एक शिक्षिका, एक तहसील कार्यालयातली, एक परिचारिका. आमच्या गप्पांत नोकरी कमी आणि घरून निघताना कोणी काय विचारले हेच जास्त असते. मुलगी रडत नाही, पण तिच्या मैत्रिणींच्या गोष्टी मला आता दोन दिवस शिळ्या होऊन कळतात, आणि ते मला लागते. याला वहीत उपाय नाही.

पुढच्या वर्षी मुलीची बारावी. बदलीच्या विनंतीचा अर्ज करायची वेळ जवळ आली आहे, आणि ठाणे जिल्हा मागावा असे घरात सर्वांना वाटते, फक्त नवरा सोडून. ‘आणखी एक वर्ष काढ, स्केल टूची परीक्षा तिथूनच दे, परत आलीस की पुन्हा तीच चर्चा करावी लागेल,’ असे त्याचे म्हणणे आहे. मुलीला विचारले तर ती म्हणाली, ‘आई, तू आलीस तर बरंच आहे, पण माझ्या बारावीच्या नावावर अर्ज करू नकोस.’ अर्जाच्या नमुन्यात कारणासाठी एक ओळ असते. ती मी अजून कोरीच ठेवली आहे, कारण ‘कौटुंबिक अडचणींमुळे’ हे शब्द मला या वेळी तिथे लिहायचे नाहीत.