खिडक्यांची डोकी गेली : एक्सएफसीई दुरुस्तीची वही

शनिवार रात्र

"अरे, तुझ्या लिनक्सच्या खिडक्यांना डोकीच नाहीत," बाबांनी आतल्या खोलीतून हाक मारली. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. जाऊन बघतो तर खरंच. फायरफॉक्स उघडा, पण वरची पट्टी गायब. बंद करायची फुली नाही, पकडून सरकवायला जागा नाही. जे उघडावं ते पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, एकावर एक, रद्दीच्या गठ्ठ्यासारखं. ऑल्ट-टॅब मेलेलं. टर्मिनल उघडलं तर त्यात अक्षर उमटेना. खालचं पॅनेल मात्र शाबूत, वॉलपेपरवरचा पन्हाळ्याचा फोटोही जागेवर.

यंत्राची कुंडली : दहा-अकरा वर्षांचा लॅपटॉप, ४ जीबी रॅम, मागाहून बसवलेली एसएसडी, डेबियन १२ (लिनक्सचंच एक रूप), त्यावर एक्सएफसीई ४.१८ हा हलका डेस्कटॉप. बाबा त्यावर पेपर वाचतात आणि सोसायटीची पत्रं मराठीत टाइप करतात. सोमवारी सोसायटीची मीटिंग. म्हणजे मला मुदत एका रविवारची.

लक्षणं बघून निदान सोपं होतं. एक्सएफसीईत प्रत्येक काम वेगळ्या प्रोसेसकडे असतं. पॅनेल वेगळं, वॉलपेपर आणि आयकॉन सांभाळणारा वेगळा, आणि खिडक्यांना पट्टी, चौकट, जागा देणारा विंडो मॅनेजर, म्हणजे एक्सएफडब्ल्यूएम-फोर, तोही वेगळा. तो नसला की नेमकं हेच दिसतं. इतकं कळत असताना तिथेच थांबून विचार करायला हवा होता. पण रात्री साडेअकराला हात डोक्याच्या पुढे धावतात. मी रूढ उपाय केला : सेटिंग पुसा.

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून तिसऱ्या टीटीवायवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या कमांड-पडद्यावर गेलो, लॉगिन केलं. होम फोल्डरातल्या डॉट-कॉन्फिग या लपलेल्या फोल्डरात एक्सएफसीई-फोर, त्यात एक्सएफकॉन्फ, त्यात पर-चॅनेल-एक्सएमएल. तिथल्या सगळ्या एक्सएमएल फायली उचलून 'जुनं' नावाच्या फोल्डरात टाकल्या. पॅनेलचं फोल्डरही त्यांच्यासोबत. पुसलं काही नाही, फक्त हलवलं. त्या रात्री मी केलेलं हे एकच शहाणपणाचं काम. मग एफ७ ने परत डेस्कटॉपवर आलो, पॅनेल जिवंत आहे का बघायला त्याची ऑटोहाइड चालू-बंद करून पाहिली, आणि लॉगआउट करून पुन्हा आत.

डोकी नाहीतच. वर नवं दुखणं. पॅनेल जुन्याच रचनेत परत आलेलं, पण त्यावरच्या लाँचरांचे (प्रोग्रॅम उघडणाऱ्या बटणांचे) आयकॉन कोरे. फॉन्ट बदललेला. मराठी कीबोर्ड गायब. बाबा मागे उभे होते. "आधी निदान मराठी कीबोर्ड तरी होता," म्हणाले आणि झोपायला गेले.

रविवार सकाळ

रात्रीचा अर्धवट रीसेट का झाला, ते चहा घेताना उलगडलं. २००९ च्या ४.६ आवृत्तीपासून एक्सएफसीईची सेटिंगं एक्सएफकॉन्फकडे आहेत. त्याचा डीमन (पाठीमागे चालणारा प्रोग्रॅम), एक्सएफकॉन्फ-डी, लॉगिन झाल्यावर फायली वाचतो आणि पुढे सगळा कारभार मेमरीतून करतो. फाइल नुसती पडून असते. एखाद्या चॅनेलमध्ये, म्हणजे एका विषयाच्या सेटिंगांच्या गटात, काही बदललं की तो मेमरीतलं त्या चॅनेलचं सगळं पुन्हा फायलीत उतरवतो. मी टीटीवायवर होतो म्हणून मला वाटलं डेस्कटॉप बंद आहे. तो एफ७ वर मजेत चालू होता, आणि डीमनही. मी ऑटोहाइडला हात लावला, पॅनेलचं चॅनेल बदललं, आणि डीमनने अख्खी पॅनेलची फाइल जशीच्या तशी पुन्हा लिहून काढली. ज्यांना कुणी हात लावला नाही ती चॅनेलं, म्हणजे फॉन्ट, कीबोर्ड, शॉर्टकट, ती खरोखर कोरी झाली.

कोऱ्या आयकॉनांचं कारणही यातच. पॅनेलची एक्सएमएल फक्त एवढंच सांगते की आठ नंबरचा प्लगइन लाँचर आहे आणि त्यात अमुक नावाची डेस्कटॉप फाइल आहे. ती फाइल असते पॅनेल फोल्डरातल्या 'लाँचर-८' मध्ये. एक्सएमएल परत आली, फोल्डर 'जुनं'मध्येच. घराचा पत्ता आहे, घर नाही.

मग ते केलं जे शनिवारी पहिल्या पाच मिनिटांत करायला हवं होतं : 'चाचणी' नावाचा नवा यूजर. त्याने लॉगिन केलं तर खिडक्यांना डोकी, ऑल्ट-टॅब चालू, सगळं ठणठणीत. म्हणजे पॅकेज, ड्रायव्हर, एक्स सर्व्हर (पडद्यावर चित्र काढणारा) निर्दोष. खोट बाबांच्या होम फोल्डरात. जाता जाता दोन नेहमीच्या गोष्टी बघितल्या : डिस्क भरली आहे का (नाही), आणि होममधली एखादी फाइल रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी यूजरच्या, मालकीची झाली आहे का (नाही). सुडो लावून (रूटचे अधिकार घेऊन) ग्राफिकल प्रोग्रॅम चालवणाऱ्यांनी ही दुसरी तपासणी विसरू नये. डॉट-एक्सऑथॉरिटी ही पडद्याच्या परवान्याची फाइल रूटच्या नावावर गेली की पासवर्ड बरोबर देऊनही लॉगिनचा पडदा परत परत तोंडावर येतो.

रविवार दुपार

आता नीट रीसेट. बाबांचं सेशन पूर्ण लॉगआउट, टीटीवायवरून एक्सएफकॉन्फ-डी उरला असेल तर पी-किलने बंद, आणि मग डॉट-कॉन्फिगमधलं अख्खं एक्सएफसीई-फोर फोल्डर नाव बदलून बाजूला. लॉगिन. सगळं कोरं करकरीत. वॉलपेपरसुद्धा मूळचा.

आणि खिडक्या बिनडोक्याच्या.

इथे मी खुर्चीतून उठून गॅलरीत गेलो, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. सेटिंगचं एक अक्षर शिल्लक नाही, तरी दुखणं तेच. म्हणजे दुखणं सेटिंगमध्ये नव्हतंच. इतका वेळ मी भलत्याच खोलीत झाडू मारत होतो.

परत टीटीवाय. पीएस कमांडने चालू प्रोसेसची यादी काढली. पॅनेल आहे, एक्सएफडेस्कटॉप आहे, सेटिंग डीमन एक्सएफसेटिंग्ज-डी आहे, थुनार हा फाइल मॅनेजर डीमन म्हणून आहे. एक्सएफडब्ल्यूएम-फोर नाही. कोसळून मेला असता तर लॉगमध्ये काहीतरी आरडाओरडा दिसला असता, पण होममधली डॉट-एक्ससेशन-एरर्स त्याबद्दल एक शब्द बोलत नव्हती. त्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

हातानेच बोलावलं. डिस्प्ले, बरोबरचं चिन्ह, कोलन, शून्य, पुढे एक्सएफडब्ल्यूएम-फोर, डॅश-डॅश-रिप्लेस, शेवटी अँपरसँड. एफ७ वर आलो तर समोर सगळ्या खिडक्यांना डोकी फुटलेली. बाबांना हाक मारली. ते आले, टर्मिनल धरून इकडून तिकडे फिरवून बघितलं, म्हणाले, "आलं की. काय झालं होतं?" मी म्हटलं, "बघतो." लॉगआउट करून पुन्हा लॉगिन. डोकी परत गेली.

इथेच उत्तर होतं. एक्सएफसीई लॉगिनला काय काय चालू करतं? साठवलेलं सेशन नसेल तर फेलसेफ सेशन : विंडो मॅनेजर, सेटिंग डीमन, पॅनेल, थुनार, डेस्कटॉप, हे पाच. साठवलेलं सेशन असेल तर त्यातली यादी वाचून तेवढेच. आणि ते साठवलेलं सेशन डॉट-कॉन्फिगमध्ये नसतं. ते असतं डॉट-कॅशमध्ये, सेशन्स नावाच्या फोल्डरात. कॅश म्हणजे कचरा, कधीही उडवा, काही बिघडत नाही, असं मी स्वतः लोकांना सांगत आलोय. म्हणूनच तिथे बघायचं सुचलं नाही.

फाइल उघडली. साधा मजकूर असतो, कुणीही वाचावा. क्लायंट-०, क्लायंट-१ असे एकामागोमाग एक, प्रत्येकापुढे कमांड. वरून खाली दोनदा बोट फिरवलं. पॅनेल, डेस्कटॉप, थुनार, सगळे हजर. विंडो मॅनेजरची ओळच नाही.

आता कबुलीजबाब. गुरुवारी रात्री बाबा झोपल्यावर मी त्यांच्या लॅपटॉपवर एक्सएफडब्ल्यूएमच्या जागी ओपनबॉक्स हा दुसरा विंडो मॅनेजर रिप्लेस करून बघितला होता, रॅम किती वाचते या उत्सुकतेपोटी. वाचली ती नगण्य. मग ओपनबॉक्सला किल मारून, पॅनेलच्या मेनूतून लॉगआउट केलं. लॉगआउटच्या चौकटीत 'सेशन साठवा'वर टिक होती. त्या क्षणी ना ओपनबॉक्स होता, ना एक्सएफडब्ल्यूएम. सेशन मॅनेजरने जे दिसलं ते इमानेइतबारे लिहून ठेवलं. शुक्रवारी बाबा गावाला होते, म्हणून बोंब शनिवारी उठली.

एक बारीक गाठ उरली होती. मी हाताने एक्सएफडब्ल्यूएम चालू केला, नंतर लॉगआउट करताना टिक तशीच होती. मग नव्या यादीत तो का आला नाही? कारण मी तो टीटीवायवरून चालू केला. सेशन मॅनेजरशी बोलायला प्रोग्रॅमला सेशन-मॅनेजर नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सुरू होताना सोबत मिळणारी माहिती) लागतो. तो डेस्कटॉपच्या आतून सुरू झालेल्यांना मिळतो, टीटीवायवाल्याला नाही. म्हणजे विंडो मॅनेजर काम करत होता, पण हजेरीपटावर नव्हता. डोकी परत आल्यावर डेस्कटॉपच्याच टर्मिनलातून पुन्हा एकदा रिप्लेस केलं असतं, तर नोंद झाली असती.

शेवटचा उपाय अर्ध्या मिनिटाचा : लॉगआउट, टीटीवायवरून सेशन्स फोल्डर रिकामं, लॉगिन. लॉगआउट आधी, कारण आत असताना रिकामं केलं आणि टिक राहिली तर बाहेर पडताना ते पुन्हा भरतं. डोकी आली आणि टिकली. तीनदा रीबूट करून खात्री केली. सेशन साठवण्याची टिक काढून टाकली.

ही रिप्लेसची चैन एक्स-इलेव्हनपुरतीच (तोच वरचा एक्स), हे जाता जाता लिहून ठेवतो. त्याच्या जागी येणाऱ्या वेलँडवर खिडक्या सांभाळणारा कंपोझिटर हाच डिस्प्ले सर्व्हर असतो. तो मेला की बहुतेक वेळा सेशनच संपतं, मागे बिनडोक्याच्या खिडक्या उरत नाहीत. डिसेंबर २०२४ च्या एक्सएफसीई ४.२० मध्ये वेलँडचा आधार प्रायोगिक स्वरूपात आला आहे, पण एक्सएफडब्ल्यूएम त्यात चालत नाही. बाबांच्या यंत्रावर मला घाई नाही.

रविवार रात्र

पुसलेला संसार परत मांडणं. शनिवारी हलवलेल्या फायली 'जुनं'मध्ये होत्याच. या वेळी लॉगआउट, डीमन बंद, मग कॉपी. सगळ्या नाही. कीबोर्ड-लेआउट आणली, त्यातून मराठी कीबोर्डची मांडणी, इन्स्क्रिप्ट, परत आली. कीबोर्ड-शॉर्टकट्स आणली. एक्ससेटिंग्ज आणली, तिच्यातून फॉन्ट आला : मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता. लहान आकारातही जोडाक्षरं फुटत नाहीत, म्हणून बाबांसाठी तोच ठेवलाय. पॅनेलची एक्सएमएल आणि लाँचर फोल्डरं मात्र जोडीने आणली. डिस्प्लेची फाइल मुद्दाम सोडली, तिच्यात एका जुन्या मॉनिटरचं भूत होतं.

कुठलं सेटिंग कुठल्या फायलीत आहे ते शोधायला एक्सएफकॉन्फ-क्वेरीचा मॉनिटर पर्याय अजब उपयोगी आहे. डॅश-सी देऊन चॅनेलचं नाव, मग डॅश-एम. टर्मिनल तसंच ठेवून सेटिंगच्या खिडकीत काहीही बदला, नेमकी कुठली प्रॉपर्टी हलली ते समोर छापून येतं. मग फक्त तेवढीच डॅश-पी आणि डॅश-आर ने रीसेट करायची, तेही डीमनच्या हातून, त्याच्या पाठीमागे नाही. हे माहीत असतं तर शनिवारची रात्र वाचली असती, असं म्हणणार होतो. पण वाचली नसती. दुखणं तिथे नव्हतंच.

बाबांनी दहा वाजता सोसायटीचं पत्र टाइप केलं. पाण्याच्या टाकीबद्दल. चुका माझ्याकडून तपासून घेतल्या.

बुधवार

पर-चॅनेल-एक्सएमएल फोल्डर आणि पॅनेल फोल्डर गिटमध्ये (फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) टाकले. रोज रात्री क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा) आपला कमिट, म्हणजे नोंद, करतो. ओपनबॉक्सचे प्रयोग यापुढे 'चाचणी' यूजरमध्ये. तो ठेवलाय, उडवला नाही.

पुढचा बुधवार

गिटने पहिला बदल दाखवला. फाइल पॅनेलची, ओळ एकच : साइज, आधी २८, आता ४४. माझं काम नाही. संध्याकाळी विचारलं तर बाबा म्हणाले, "बारीक दिसत होतं. त्या पट्टीवर उजवं बटण दाबलं, त्यात होतं." ४४ ने पडद्याचा बराच भाग खाल्लाय आणि घड्याळ अगडबंब दिसतंय. कमिट तसाच राहू दिला.