जास्वंदीचा रिंगस्पॉट: किनोआ टेस्टचे रिझल्ट आणि खुंटाचा प्रश्न
मंडळी, गच्चीवरच्या जास्वंदींचं अपडेट देतोय, यावेळी जरा मोठं होणारे कारण झाडात व्हायरस आहे का ते बघणाऱ्या ज्या किनोआ टेस्टची वाट बघत होतो तिचे रिझल्ट आलेत.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. माझ्याकडच्या केशरी हायब्रीडच्या जुन्या पानांवर मसुरीएवढ्या फिकट पिवळ्या रिंगा यायला लागल्या, मधे हिरवा ठिपका आणि भोवती पिवळं कडं, आणि काही पानांवर नुसतेच विस्कटलेले पिवळे डाग. थंडीत हे एकदम स्पष्ट दिसतं, उन्हाळ्यात नवीन पानं जवळजवळ स्वच्छ येतात आणि आपल्याला वाटतं झाड बरं झालं. तसं होत नाही, व्हायरस आतच असतो. हे सगळं वर्णन हिबिस्कस क्लोरोटिक रिंगस्पॉट व्हायरसशी जुळतं. तो पहिल्यांदा 1976 मधे अमेरिकेत नोंदवला गेला, एल साल्वाडोरहून आणलेल्या जास्वंदीत, आणि आता जिथे जिथे जास्वंद लावतात तिथे बहुतेक ठिकाणी तो आहेच. आकाराने साधारण 30 नॅनोमीटरचा गोल कण, आत सुमारे 3900 अक्षरांचा आरएनए, बस्स एवढंच. सिंगापूरमधे यावर खूप काम झालंय आणि तिथे प्रयोगासाठी अंबाडी वापरतात, दोरासाठी लावतात ती, कारण तिच्यात हा व्हायरस सगळ्या झाडभर पसरतो. त्यामुळे कुंडीत भाजीसाठी अंबाडी लावणाऱ्यांनी ती जास्वंदीपासून लांबच ठेवा असं मी म्हणेन.

पानं आखडून वाटीसारखी होत असतील, मागच्या शिरा जाड झाल्या असतील तर ते प्रकरण वेगळं, तो लीफ कर्ल, पांढऱ्या माशीतून येतो. लाल कोळी लागला तर बारीक टाचणीसारखे ठिपके येतात, रिंगा नाही. आणि लोह कमी पडलं की नवीन पानं पिवळी पण शिरा हिरव्या. हे आधी तपासा, नाहीतर उगाच घाबरायला होतं.

आता टेस्ट. किराणा दुकानात मिळतो तो किनोआ कुंडीत पेरला, मस्त उगवतो. किनोआ आपल्या चाकवताच्याच कुळातला, आणि रसातून पसरणारे बरेच व्हायरस त्याच्या पानावर चोळले की आठवड्याभरात जिथे व्हायरस शिरला तिथे डाग उमटतो, म्हणून लॅबमधेही तो वर्षानुवर्षं वापरतात. रिंगवालं कोवळं पान थंड पाण्यात थोडा फॉस्फेट बफर (रसाची आम्लता स्थिर ठेवणारं क्षारांचं द्रावण) घालून वाटलं. इथे जास्वंदीचा खरा त्रास सुरू होतो, रस इतका बुळबुळीत निघतो की पानावर पसरतच नाही, त्यामुळे बफर भरपूर घालून पातळ करावं लागतं आणि मलमलच्या कपड्यातून गाळावं लागतं. मग किनोआच्या पानावर कार्बोरंडमची (घासकागदावर असते तसली खरखरीत) बारीक पावडर भुरभुरवून बोटाने अगदी हलकं चोळायचं (हातमोजे घालून, प्रत्येक नमुन्याला नवीन) आणि लगेच पाण्याने धुवायचं. पावडरने पानाला न दिसणारे ओरखडे पडतात, व्हायरस तिथूनच आत जातो. शेजारच्या रोपांवर नुसता बफर आणि पावडर चोळली, म्हणजे ओरखड्याचा डाग आणि व्हायरसचा डाग यात गल्लत नको.

रिझल्ट असा: नुसत्या बफरची पानं स्वच्छ. केशरी हायब्रीडच्या रसाने ठळक पिवळे डाग आले, ते अपेक्षितच होतं. पण खरी गोष्ट पुढे आहे, खुंटासाठी (ज्या मुळांच्या झाडावर दुसऱ्याची काडी कलम करतात तो) ठेवलेल्या गावठी लाल जास्वंदीच्या रसानेही डाग आले, आणि त्या झाडावर एकही रिंग नाहीये, चकचकीत हिरवीगार पानं आणि भरभरून फुलं!

याने नेमका कुठला व्हायरस ते कळत नाही हे लक्षात ठेवा. जास्वंदीत टोबॅमो गटातले दोन तरी व्हायरस असतात, एकाचं नाव सिंगापूरवरून आणि दुसऱ्याचं फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्सवरून पडलंय, त्यांनीही किनोआवर डाग येतात आणि एकाच झाडात दोन-तीन एकत्र असणं अगदी कॉमन आहे. नक्की नाव हवं तर लॅबमधली एलायझा किंवा पीसीआर टेस्टच करावी लागेल. आणि डाग आले नाहीत म्हणजे झाड स्वच्छ असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

तरी मला जे पाहिजे होतं ते कळलं. आपण सगळे महागड्या हायब्रीडची काडी दहा वेळा तपासतो, आणि खुंट मात्र कुठल्याही कुंपणावरची लाल जास्वंद छाटून आणतो. ती लाल जास्वंद पिढ्यानपिढ्या फांदीवरूनच वाढवलेली, गणपतीला फुलं म्हणून घराघरात रोज हाताळली जाणारी, तिच्यात काय काय साठलेलं असेल विचार करा. पाचर कलम केलं की खुंटातलं सगळं थेट काडीत जातं, या व्हायरसला माशी-मावा कोणी लागत नाही, आपली कात्री पुरते.

म्हणून आता कलमाला प्रत्येक झाडासाठी नवीन अर्धं शेव्हिंग ब्लेड. छाटणीला दोन कात्र्या, एक वापरात आणि एक ब्लीचमधे, घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग, रोज ताजं करायचं आणि कात्री नंतर धुवून तेल लावायचं नाहीतर गंजते. नुसत्या स्पिरिटने पुसण्यावर या व्हायरसांच्या बाबतीत मी विश्वास ठेवत नाही. केशरी झाड टाकलेलं नाही, फूल फार सुंदर आहे, पण ते दुसऱ्या टोकाला एकटं ठेवलंय, छाटणी सगळ्यात शेवटी आणि त्याची काडी कोणालाही नाही, कितीही आग्रह केला तरी.

पुढचं काम बियांच्या खुंटाचं. गावठी लाल सहसा बी धरत नाही, पण एका पिवळ्या हायब्रीडवर परागीकरण केलेली बोंडं टिकलीत. बी पेरून आलेल्या रोपांची आधी किनोआवर टेस्ट, मगच कलम. कोणाकडे बी धरणारी जोमदार मुळांची जास्वंद असेल तर नाव सांगा, आणि फांदी नको, बी द्या.