बाईंनी बांधलेले अंगठे

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यात एका आजोबांचा गुडघा वाकवत होते. शाळेचा अमृतमहोत्सव आहे, दोन पानं लिहून द्या म्हणाले. लगेच हो म्हटलं. रात्री वही घेऊन बसले, तर आठवायला बाईंशिवाय दुसरं काही येईना. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये. नाव छापलंस तर बघ, असा बाईंनी दम दिलाय. पण १९८६ च्या आगेमागे आठवी ‘ब’ मध्ये बसलेल्यांना नाव सांगावं लागणार नाही.

‘सांधे’ हा धडा बाईंनी तीन तासांत संपवायचा, तो दोन आठवडे पुरवला. वर्गाचं दार कुरकुरत उघडझाप करून दाखवलं, ही बिजागरी, म्हणजे तुमचं कोपर. लगेच पुढं, “गुडघासुद्धा पुस्तकात बिजागरीच लिहिलाय, पण बसल्या जागी गुडघा वाकवा आणि पाऊल आतबाहेर फिरवा. फिरतंय ना थोडं? दार फिरतं का असं?” पुस्तकातलं चुकीचं नव्हे, अर्धं आहे, असं सांगणारं माणूस आम्हाला पहिल्यांदाच भेटत होतं. खांदा आणि खुबा दोन्ही उखळीचे सांधे, पण खांद्याची उखळ म्हणजे बशी आणि खुब्याची म्हणजे खोल वाटी. म्हणून हात चहूकडं गरागरा फिरतो, आणि म्हणून खांदाच लवकर निखळतो. छडी खायला हात पालथा-उताणा करायला लावून कोपराखालची दोन हाडं एकमेकांवर कशी फुली मारतात तेही दाखवलं (छडी मारली नाही).

मानेचा तास तर हसण्यात गेला. कवटी पहिल्या मणक्यावर पुढंमागं डुलते, तो होकार. पहिला मणका दुसऱ्याच्या खुंटीभोवती जात्याच्या वरच्या तळीसारखा फिरतो, तो नकार. “होकार वरच्या मजल्यावर, नकार खालच्या,” बाई म्हणाल्या. “आणि आपली सोलापुरी मान कडेला कलते, त्यात काय समजायचं ते देवच जाणे.”

पण मला सांगायचंय ते अंगठ्याचं.

बाईंनी दोऱ्याचं रीळ मागितलं होतं. आमच्या घरी रिळांना काय तोटा? अम्मा विड्या वळायची. मी एक उचलून नेलं. मधल्या सुट्टीच्या आधी बाईंनी बाकाबाकावर फिरून सगळ्यांचे दोन्ही अंगठे तळव्याला आवळून बांधले आणि म्हणाल्या, “आता डबे उघडा.”

माझ्या डब्याला कडी होती. ती चार बोटांनी निघेना, शेवटी दातानं ओढली. आत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. भाकरी दोन तळव्यांत धरून दाबली, तर सटकून थेट बाकाखाली. मागून एक पोरगा ओरडला, “बाई, भाकरी तुटंना की!” एकानं तोंड खाली घालून चटणी चाटली, नाकाला लागली, डोळ्यांतून पाणी. बाई टेबलाला टेकून शांतपणे आपला डबा खात होत्या. अंगठ्यांनी.

दोरे सोडल्यावर त्यांनी फळ्यावर घोड्याचं खोगीर काढलं. मनगटात आठ हाडं. त्यातल्या एका हाडावर अंगठ्याचं हाड स्वार झालेलं. स्वार पुढंमागं झुकतो, डावीउजवीकडं कलतो, पण खोगिरावर गिरकी घेत नाही. या खोगिरी सांध्यामुळं अंगठा चारही बोटांच्या समोर येतो आणि भाकरी मोडते. हा सांधा आमच्या पुस्तकात नव्हताच.

घरी गेल्यावर अम्मानं रिकामं रीळ बघून पाठीत धपाटा घातला. एवढ्या दोऱ्यात शंभर विड्या बांधून झाल्या असत्या, म्हणे. मग ती सूप घेऊन बसली आणि मी तिच्या अंगठ्याकडं बघत बसले. पान ओलसर, त्यावर तंबाखूची चिमूट, अंगठा पुढं सरकला की पान गुंडाळलं जायचं, मागं आला की घट्ट व्हायचं, मग दोऱ्याचा फेर. दिवसाला हजार वेळा. खोगीर झिजत असणार, हे आठवीतल्या पोरीलासुद्धा कळलं.

पुढं फिजिओथेरपी शिकले, अशोक चौकाजवळ दवाखाना काढला. यंदा २२ वर्षं झाली. विडी कामगार बायकांच्या हातांवर एका परिषदेत बोलले, टाळ्याही मिळाल्या. पण अम्माच्या अंगठ्यासाठी स्वतःच्या हातानं केलेला पट्टा तिनं दोन दिवसांत काढून खिळ्याला टांगला. “हे घातलं की विडी वळत नाही,” म्हणाली. बरोबरच होतं तिचं. तो पट्टा अजून माझ्याकडं आहे.

शाळेत परवा डोकावले. वर्गात मोठा पडदा आलाय, कोपऱ्यात प्लॅस्टिकचा सांगाडा उभा आहे. त्याची मान फिरतच नव्हती, कुणीतरी तारेनं बांधून टाकली होती. आणि आठवी ‘ब’ला सरकतं दार. कुरकुर गेली.

बाई गेल्या दिवाळीपासून माझ्याकडं येतात. खांदा आखडलाय, केसांपर्यंत हात जात नाही. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “बशीला काय झालं गं?” बशी चांगली आहे बाई, भोवतीची पिशवी जाड होऊन आकसलीय, असं मी सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि दोन प्रश्न विचारले, त्यातल्या एकाचं उत्तर मला घरी येऊन पुस्तकात बघावं लागलं. आता रोज भिंतीवर बोटं चढवतात, पोचतील तिथं मी पेन्सिलनं खूण करते. काल खूण कॅलेंडरच्या खालच्या कडेला लागली.

समारंभापर्यंत ती वरच्या खिळ्याला लागली पाहिजे, असं मी बाईंना बजावलं. बाईंनी मान हलवली. कडेला, सोलापुरी.