केस मुळाशी वाढतात आणि टोकाशी झिजतात

आपले केस वाढतच नाहीत अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांचे केस प्रत्यक्षात व्यवस्थित वाढत असतात. निरोगी केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर, म्हणजे वर्षाला सुमारे १५ सेंटीमीटर वाढतो आणि हा वेग बाहेरून लावलेल्या कोणत्याही गोष्टीने फारसा बदलत नाही. तरीही अनेकींची वेणी एका ठरावीक लांबीपाशी येऊन थांबते, कारण जेवढी लांबी मुळाशी तयार होते जवळजवळ तेवढीच टोकाशी तुटून जाते. केस वाढवण्याचा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे आणि या काळात माझे एक मत अधिकाधिक पक्के होत गेले आहे: ज्यांना लांब केस हवे आहेत त्यांनी टाळूची चिंता थोडी कमी करून केसांच्या शेवटच्या वीतभर भागाकडे लक्ष द्यावे.

या शेवटच्या भागाचे वय किती असते, याचा विचार आपण सहसा करत नाही. कमरेपर्यंत पोहोचलेला ७५ सेंटीमीटरचा केस घेतला, तर वर दिलेल्या वेगाने त्याचे टोक सुमारे पाच वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलेले असते. त्या पाच वर्षांतले प्रत्येक न्हाणे, प्रत्येक विंचरणे, प्रत्येक उन्हाळा आणि केस वाळवण्याच्या यंत्राची प्रत्येक झळ त्या टोकाने सोसलेली असते. टाळूबाहेर आलेल्या केसात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे त्वचेवरची जखम जशी आपोआप भरून येते तसे केसाच्या बाबतीत कधीच घडत नाही. चांगला आहार आणि कमतरता असल्यास वैद्यकीय सल्ल्याने घेतलेली पूरके यांचा उपयोग उद्या उगवणाऱ्या केसाला होतो. टोकापर्यंत त्यांतले काहीही पोहोचत नाही. राठ झालेल्या टोकांसाठी जीवनसत्त्वांच्या गोळ्या सुरू करणाऱ्यांना मी म्हणूनच नेहमी थांबवते.

केसाची रचना समजून घेतली की पुढच्या बहुतेक गोष्टी आपोआप उलगडतात. केसाच्या आत केराटिन या प्रथिनाच्या तंतूंचा गाभा असतो आणि त्याच्यावर एकमेकांवर चढवलेल्या कौलांसारखे पातळ, पारदर्शक खवल्यांचे आवरण असते. मुळाजवळ या खवल्यांचे अनेक थर असतात. टोकाकडे जाताना घर्षणाने ते एकेक करून झिजतात आणि जुन्या टोकांवर काही ठिकाणी आवरण पूर्णपणे नाहीसे होऊन गाभा उघडा पडतो. नव्या केसाच्या पृष्ठभागावर स्निग्ध आम्लाचा एक अतिशय पातळ, घट्ट जोडलेला थरही असतो. त्यामुळे केस एकमेकांवरून सहज सरकतात आणि पाणी त्यांच्यावर लगेच पसरत नाही. हा थर ब्लीच आणि तीव्र रंगांमुळे लवकर जातो, तर ऊन आणि वारंवार धुण्यामुळे हळूहळू जातो. टाळूत तयार होणारे नैसर्गिक तेल एवढ्या लांबवर उतरत नाही. अशा रीतीने टोकांजवळ ना आवरण उरते, ना स्निग्धता, आणि नेमका हाच भाग खांद्यांवर, पाठीवर, कपड्यांवर आणि पिशवीच्या पट्ट्यावर सतत घासला जातो.

टोके खराब झाली आहेत असे म्हणताना आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली घालतो आणि त्यामुळे उपाय चुकतात. पहिली गोष्ट म्हणजे कोरडेपणा: टोके हाताला खरखरीत लागतात, एकमेकांत अडकतात, त्यांच्यावर प्रकाश पडला तरी ती निस्तेज दिसतात, पण केस अजून अखंड असतो. हा कोरडेपणा निगा राखून बराच कमी करता येतो. दुसरी गोष्ट म्हणजे फाटे फुटणे. यात केस टोकाशी दुभंगतो किंवा त्याच्या मध्येच एक पांढरा ठिपका दिसतो आणि त्या ठिपक्यापाशी तो हलक्या ताणानेही तुटतो. हे नुकसान कायमचे असते. सिरम लावल्यावर दोन फाटे एकत्र चिकटल्यासारखे दिसतात, परंतु पुढच्या धुण्यानंतर ते पुन्हा वेगळे होतात, त्यामुळे फाटे सांधण्याचे आश्वासन देणाऱ्या बाटलीवर माझा विश्वास नाही. तिसरी गोष्ट म्हणजे विरळपणा आणि तो बहुतेक वेळा बिघाड नसतोच. डोक्यावरचा प्रत्येक केस साधारण दोन ते सात वर्षे वाढतो, मग गळतो आणि त्याच्या जागी नवा येतो, त्यामुळे कोणत्याही क्षणी सगळे केस एकाच वयाचे आणि एकाच लांबीचे नसतात. शेपट्याचे टोक निमुळते होते, कारण तिथपर्यंत पोहोचलेले केस संख्येने कमी असतात. असे निमुळते पण मऊ आणि अखंड टोक निव्वळ विरळ दिसते म्हणून कापून टाकणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत आणि त्या वेळी मला खरोखर हळहळ वाटते.

नुकसानीचे सर्वांत मोठे कारण कोणते, असे विचारल्यास रंग किंवा उष्णता यांच्याही आधी मी विंचरण्याचे नाव घेईन, कारण रंग सगळे लावत नाहीत, विंचरतात मात्र सगळे. केसांचा गुंता वरून खाली ओढला की तो टोकांकडे ढकलला जाऊन अधिक घट्ट होतो आणि शेवटी कंगव्याच्या दातांनी तुटतो. म्हणून आधी रुंद दातांच्या कंगव्याने शेवटची वीत मोकळी करावी, मग थोडे वरून सुरुवात करावी, आणि असे टप्प्याटप्प्याने मुळांपर्यंत जावे. कंगवा अडला की बोटांनी गाठ सोडवावी आणि गाठीच्या वरचा भाग मुठीत धरावा, म्हणजे ताण मुळांवर येत नाही. ओला केस पाण्याने फुगून सुमारे १५ टक्के जाड होतो, अधिक ताणला जातो आणि कोरड्या केसापेक्षा लवकर तुटतो, म्हणून सरळ केस वाळत आल्यावरच विंचरलेले बरे. कुरळ्या केसांना मात्र हा नियम उलटा लागू पडतो. ते कोरडे विंचरले तर अधिक तुटतात, त्यामुळे त्यांचा गुंता ओल्या केसांत भरपूर कंडिशनर असताना सोडवावा. आपल्या केसांची जात न पाहता दिलेला सल्ला किती सहज चुकू शकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

धुण्याच्या बाबतीत मला सर्वाधिक महत्त्वाचे वाटते ते धुण्यापूर्वीचे तेल. प्रत्येक धुण्यात केस पाणी शोषून फुगतो आणि वाळताना पुन्हा आकसतो. हा ताण वारंवार बसला की खवले सैल होतात आणि आतले प्रथिन थोडेथोडे निघून जाते. खोबरेल तेल येथे खरोखर उपयोगी पडते. त्यातील लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्यामुळे तो केसाच्या आत शिरू शकतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल तेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली गेली होती आणि प्रथिनांची हानी केवळ खोबरेल तेलाने लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे आढळले होते. त्यासाठी डोके तेलाने थबथबून टाकण्याची गरज नाही. धुण्यापूर्वी काही तास किंवा आदल्या रात्री टोकांना आणि खालच्या निम्म्या लांबीला हात फिरवण्याइतके तेल पुरेसे असते. काहींचे केस खोबरेल तेलाने ताठ आणि कडक वाटू लागतात. त्यांनी ते आग्रहाने लावत राहू नये, दुसरे एखादे हलके तेल वापरून पाहावे.

शाम्पू टाळूसाठी असतो, कारण घाम आणि तेल तिथे साचते. तो टाळूवर चोळावा, आणि धुताना खाली ओघळणारा फेस लांबीला पुरेसा होतो. सगळे केस डोक्यावर गोळा करून चोळण्याची सवय टोकांसाठी फार वाईट आहे. कंडिशनरचे काम याच्या उलट दिशेने, म्हणजे टोकांकडून वर, आणि टाळूपर्यंत न पोहोचता व्हावे. त्यामागे एक सुंदर रसायनशास्त्र आहे. झिजलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार अधिक असतो आणि कंडिशनरमधील घटक धनभारित असतात, त्यामुळे जिथे झीज जास्त तिथेच ते अधिक प्रमाणात चिकटतात. कंडिशनर टोकांवर दोनतीन मिनिटे राहू द्यावे आणि मगच धुवावे.

धुतल्यानंतर टोके ओलसर असतानाच सिलिकोनयुक्त सिरमचे एकदोन थेंब लावणे मी योग्य मानते, मग सिलिकोनविरुद्ध कितीही लिहिले जात असो. सिलिकोन केसाचे पोषण करत नाही हे खरे आहे, पण उघड्या पडलेल्या टोकाला पोषणाची नव्हे, तर घर्षणापासून बचावाची गरज असते आणि हे काम ते उत्तम करते. केस कालांतराने जड किंवा चिकट वाटू लागले, तर अधूनमधून थोडा तीव्र शाम्पू वापरून साचलेला थर काढता येतो. प्रथिनयुक्त उपचारांबाबत मी अधिक सावध आहे. ब्लीच केलेल्या, लिबलिबीत झालेल्या केसांना त्यांचा तात्पुरता आधार मिळतो, परंतु धडधाकट केसांना ते वारंवार दिले की केस ताठ होतात आणि तुटू लागतात.

केस वाळवताना टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी मऊ सुती पंचात गुंडाळून पाणी टिपून घ्यावे. यंत्राची गरम हवा सरसकट वाईट, असे मात्र नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका कोरियन अभ्यासात, यंत्र १५ सेंटीमीटर अंतरावर धरून सतत हलवत ठेवल्यास नैसर्गिकरीत्या वाळवण्यापेक्षा एकंदर नुकसान कमी होते, असे दिसले होते. पृष्ठभाग उष्णतेने बिघडतो, पण केस फार वेळ ओला राहिल्यानेही आतल्या थरांना इजा पोहोचते. जाड आणि लांब केस असणाऱ्यांनी म्हणून कोमट किंवा थंड हवेचा उपयोग करण्यात संकोच बाळगू नये. केस सरळ करणारी तापलेली पट्टी ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. ती ओल्या किंवा दमट केसावर फिरवली की आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि तो त्या जागी ठिसूळ होतो. केस वाढवण्याच्या काळात ती कपाटातच राहिलेली बरी.

ब्लीच आणि लांबी यांचा मेळ बसणे कठीण आहे. केसाला बळ देणारे गंधकाचे बंध ब्लीचमुळे तुटतात, त्यामुळे रंग हवाच असेल तर तो मूळ रंगापेक्षा गडद निवडावा किंवा पुढच्या वेळी केवळ नव्या वाढीला लावावा, जुन्या टोकांवरून पुन्हा ओढू नये. पोहायला जाण्यापूर्वी केस साध्या पाण्याने भिजवून थोडे कंडिशनर लावले, तर क्लोरीनचे पाणी ते कमी शोषतात. कडक उन्हात केस झाकावेत.

उरलेला सगळा वेळ केस बांधलेले असावेत, हे लांब केसांचे खरे संरक्षण आहे. सैल वेणी किंवा अंबाडा घातला की टोके आत सुरक्षित राहतात. बांधायला धातूचा जोड असलेले रबर नको, कापडाने मढवलेले बंध किंवा गुळगुळीत आकडा घ्यावा आणि बांधण्याची जागा अधूनमधून बदलावी, कारण रोज एकाच ठिकाणी दाब आला की केस नेमके तिथेच तुटतात. झोपताना सैल वेणी घालून उशीला सॅटिनचा किंवा रेशमी अभ्रा घातल्यास सुती अभ्र्यापेक्षा घर्षण कमी होते.

एवढे करूनही केस कापावे लागतातच. कापल्याने केस वेगाने वाढतात हे खरे नाही, कारण टोकाला कात्री लागल्याचे मुळाला कळण्याचा काही मार्गच नाही. परंतु फुटलेला फाटा तसाच ठेवला तर तो वर सरकत जातो, शेजारच्या केसांत अडकतो आणि पुढे अधिक लांबी कापावी लागते. ठरावीक आठवड्यांनी कापण्याचा नियम मला पटत नाही. तीनचार महिन्यांनी चांगल्या उजेडात गडद कापडावर टोके पसरून पाहावीत आणि जे दिसेल त्यावरून ठरवावे. तुरळक फाटे असतील तर एकेक बारीक बट पिळून धरावी, बाहेर आलेले फाटे निवडावेत आणि प्रत्येक केस फाट्याच्या थोडा वर, अखंड भागात, केवळ केसांसाठी राखून ठेवलेल्या धारदार कात्रीने कापावा. कागद कापलेली बोथट कात्री केस चिरडते आणि तिथूनच नवा फाटा सुरू होतो. बहुतेक टोके फुटलेली असतील, तर मात्र निवडत बसण्यात अर्थ नाही. अशा वेळी वाढीच्या निम्मे कापावे: सहा महिन्यांत साधारण सात सेंटीमीटर वाढले असतील तर तीनसाडेतीन सेंटीमीटर. लांबीही पुढे सरकते आणि टोकेही हळूहळू दाट होत जातात.

कापायला दुसऱ्या कोणाकडे जायचे असेल, तर आकडा तोंडी सांगून भागत नाही. बसण्यापूर्वी केसावर बोट ठेवून नेमकी जागा दाखवावी, कापलेली पहिली बट हातात घेऊन पाहावी आणि मगच पुढे कापू द्यावे. टोके आधीच विरळ असतील तर थरांची किंवा इंग्रजी व्ही आकाराची कापणी नाकारावी, कारण दोन्हींत तळाशी उरणारे केस आणखी कमी होतात. सरळ रेषेत किंवा किंचित गोलाकार कापून घेतलेली टोके भरीव राहतात आणि वेणीच्या तळाशीही अधिक काळ टिकतात.