छाटणीच्या वेळापत्रकावर पीएच.डी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पीएच.डी.साठी कोर्सवर्क धरून किमान ३ आणि कमाल ६ वर्षे मिळतात. पुनर्नोंदणी केल्यास आणखी २ वर्षांची मुदत मिळू शकते. कागदावर हा काळ ऐसपैस दिसतो, परंतु तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या संशोधकाने त्यातून परीक्षा, पेपर तपासणी आणि प्रवेशाचे दिवस वजा केले की हाती थोड्या सकाळी आणि मे महिन्याची सुट्टी एवढेच उरते.

माझा विषय सांगली जिल्ह्यातील बेदाणा उत्पादकांचे अर्थकारण हा असल्यामुळे माझे खरे वेळापत्रक तासगाव-मिरज भागातल्या द्राक्षबागा ठरवतात. एप्रिलमधली खरड छाटणी किंवा ऑक्टोबरमधली फळछाटणी चालू असताना प्रश्नावली घेऊन बांधावर गेल्यास प्रत्येक प्रश्नाला ‘ठीक आहे’ एवढेच उत्तर मिळते, आणि त्यात शेतकऱ्याची काहीच चूक नसते. याउलट हंगामात, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणातून काढलेली द्राक्षे शेडमधल्या जाळ्यांवर पसरली, की ती वाळेपर्यंत साधारण दोन आठवडे माणूस शेडच्या आसपासच असतो. तेव्हा तो कर्जाचा आकडाही न विचारता सांगतो. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये मी लेखनाला हातही लावत नाही. मुलाखतीच्या टिपा मात्र त्याच रात्री उतरवून काढाव्या लागतात, कारण ‘गेल्या वर्षी दर बरा होता’ या वाक्यातले गेले वर्ष नेमके कोणत्या हंगामाचे, हे दुसऱ्या दिवशी आपल्यालाच सांगता येत नाही.

उरलेल्या काळात कामाची वाटणी मी तासांवर न करता डोक्याच्या ताजेपणावर करतो. प्रकरणाची मांडणी पहिल्या तासिकेआधी, सकाळी करायची. प्रश्नावल्यांची आकडेवारी एक्सेलमध्ये भरणे आणि झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदी दुरुस्त करणे ही कामे दमलेल्या संध्याकाळीही होतात. फ्रान्सेस्को सिरिलो यांची, २५ मिनिटे सलग काम करून घंटा वाजली की थांबण्याची पोमोदोरो पद्धत आकडे भरताना उत्तम चालते, पण युक्तिवाद जुळत आलेला असताना घंटा वाजली की सगळेच विस्कटते, असे माझे मत आहे. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात तर निश्चित प्रश्न घेऊनच शिरावे. नुसते चाळायला गेलेल्या माणसाची दुपार तिथेच जाते (आणि इतरांचे प्रबंध पूर्ण झालेले पाहून मन खट्टू होते ते वेगळेच).

सत्राला एकदा सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. तिची धास्ती घेणारे बरेच भेटतात. मला ती सोयीची वाटते, कारण तेवढी एकच तारीख आपल्याला पुढे ढकलता येत नाही. त्यासाठी कोल्हापूरला विद्यापीठात जावे लागते; त्या फेरीतच ग्रंथालय, शुल्क आणि सह्या ही कामे उरकतात. प्रकरण मार्गदर्शक सरांकडे वाचायला दिले की पुढच्या प्रकरणाच्या सारण्या काढायला घ्यायच्या. आठवणीचा फोन आठवड्यातून एकदाच, तोही दुपारी जेवणानंतर, सर निवांत असताना करायचा.